हाताची पोच

मुख्याध्यापक झाल्यावर मी वर्गातील फळा माझ्या हाताच्या बेताने बसवून घेतला. एक ठेंगणी मुलगी गणित सोडवायला कधी पुढे येत नसे. मी तिला आळशी ठरवले. एकदा ती हळूच म्हणाली, "गुरुजी, माझा हात पोचत नाही." मी खजील झालो. मुलांना भिंतीशी उभे करून, वर केलेल्या हातांच्या बोटांशी खुणा केल्या आणि फळ्याची वरची कड सर्वांत खालच्या खुणेवर आणली.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा १९९७चा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ पुढे वाचला. दार उंचांच्या मापाने करावे, पण कामाच्या वस्तू आखूड हाताच्याही टप्प्यात ठेवाव्यात, हे शास्त्र त्या मुलीने मला आधीच शिकवले होते. लिहिताना मी वाकू लागलो; ती मात्र ताठ उभी राहून लिहू लागली.