मुदत, उद्दिष्ट आणि शीचे भांडे

२०२४ च्या मे महिन्यात मी पंधरा दिवसांची अर्जित रजा घेतली. अर्जात कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक अडचण’ असे लिहिले आणि ते असत्य नव्हते. बंगळूरच्या महादेवपुरा भागात माझी मुलगी व जावई राहतात. दोघेही नोकरी करतात. नात तेव्हा अडीच वर्षांची होती. जवळच्या एका बालवाडीत तिला जूनपासून जागा मिळाली होती, पण प्रवेशपत्रिकेत एक अट होती: मूल शी-शू सांगणारे असावे, डायपर चालणार नाही. या कामासाठी खरे तर तिची आजी जायची. परंतु गुडघ्यांमुळे दिवसातून वीस वेळा खाली बसणे-उठणे आता तिला शक्य नाही. म्हणून मी निघालो. बॅग भरताना पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, मुलीच्या वेळी तुम्ही एक तरी लंगोट धुतलात का? आता तिच्या मुलीला शिकवायला निघालात.”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलीच्या लहानपणी मी बहुतेक दौऱ्यावर असे. आमच्या मुलीला कसलाही त्रास न होता सवय लागली, असे मी वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो. ती कोणी व कशी लावली, हे विचारावे असे मला कधी वाटले नव्हते.

महादेवपुऱ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील गोष्टीत पाण्याला महत्त्व आहे. हा भाग पूर्वी स्वतंत्र नगरपालिका होता. २००७ मध्ये तो बृहत् बंगळूर महानगरपालिकेत आला आणि सप्टेंबर २०२५ पासून नव्या बंगळूर पूर्व महापालिकेत आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, इमारती आल्या, माणसे आली. नळ मात्र फार मागाहून आले. कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या होत्या आणि टँकरच्या प्रतीक्षेत लोक गॅलरीत उभे राहत. मार्चमध्ये शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणे, बागेला पाणी घालणे यांवर ५,००० रुपये दंड जाहीर केला होता. मी पोहोचलो तेव्हाही इमारतीत ठरावीक तासांपुरतेच पाणी सोडत असत. अशा घरात मुलाला डायपरमधून काढून चड्डीवर ठेवणे म्हणजे दिवसाकाठी पाच-सहा चड्ड्या, एखादी चादर आणि फरशी पुसण्याचे पाणी, एवढा नवा खर्च अंगावर घेणे होय.

डायपरवर आमच्या पिढीने पुष्कळ टीका केली आहे. आळशी आईबापांची सोय, असे मीही म्हणत असे. त्या पंधरा दिवसांत माझे मत बदलले. डायपर विकत घेणारा माणूस वाट पाहण्याची सवड विकत घेत असतो. अन्यथा ती सवड घरातल्या कुणाच्या तरी हातांनी आणि घागरींनी पुरवावी लागते. अर्थात खर्च नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. त्या शहरात वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल शाईने फुली मारून द्यावयाचा नियम आहे. सकाळी ती पुडी उचलणारी महापालिकेची सफाई कामगार स्त्री मी पाहत होतो, आणि तिच्या गाडीत रोज आमच्याही घरच्या चार फुल्या असत.

आता माझ्या पराक्रमाविषयी. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि त्यातून तीस वर्षे सरकारी योजनांची प्रगती मोजलेला माणूस जे करील तेच मी केले. फ्रीजवर एक तक्ता लावला. पिवळे प्लास्टिकचे भांडे आणले. नात भांड्यावर बसली आणि काही झाले की एक चांदणी चिकटवायची, दर दोन तासांनी बसवायचे, आणि जून उजाडण्यापूर्वी उद्दिष्ट पूर्ण. पहिल्या दिवशी चार चांदण्या आल्या, तिसऱ्या दिवशी अकरा. रात्री दिल्लीला फोन करून मी पत्नीला आकडे सांगितले. ती म्हणाली, “अकरा वेळा? तिला बरं नाही का?”

तिला उत्तम होते. तिने फक्त माझी योजना माझ्याआधी समजून घेतली होती. ती दर वीस मिनिटांनी धावत येई, भांड्यावर बसे, दोन थेंब करी, चांदणी वसूल करी आणि पुढच्या दोन थेंबांची राखीव सोय ठेवून निघून जाई. एखादे परिमाण उद्दिष्ट झाले की ते चांगले परिमाण राहत नाही, हा जो गुडहार्टचा नियम म्हणून अर्थशास्त्रात ओळखला जातो, त्याचे इतके निर्मळ उदाहरण मला कोणत्याही अहवालात सापडले नव्हते.

इथपर्यंत गंमत होती. परंतु शू अकरा वेळा होत असताना शी एकदाही भांड्यात झाली नव्हती, आणि मग माझ्या लक्षात आले की ती तीन दिवस मुळी झालीच नव्हती. नात पडद्यामागे जाऊन पाय आवळून, टाचा उंचावून उभी राहत असे. मला वाटे, खेळते आहे. मी तक्त्याचे नियम कडक केले. चांदणी आता फक्त शीसाठी. आणि चौथ्या दिवशी, मुदत जवळ येत असल्याच्या घाईत, मी तिला एक वाक्य बोललो: “शाळेत सगळे हसतील हं तुला.” ती काही बोलली नाही. भांड्याकडे पाहिले आणि आईच्या खोलीत गेली. पाचव्या दिवशी जे झाले ते फार दुखून झाले. ती रडत होती, चड्डीला रक्ताचा डाग होता. त्यानंतर तिने भांड्याकडे बोट जरी केले तरी किंकाळी फोडायला सुरुवात केली.

बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे ऐकून घेतले. मूल शी रोखून धरते, तेव्हा आतड्यात पाणी शोषले जात राहते आणि मळ कडक होतो. कडक झाला की दुखते. दुखले की मूल पुन्हा रोखते. हे फार काळ चालले तर मलाशय ताणले जाऊन संवेदनाच बोथट होते, आणि मग मुलाला कळत नसताना चड्डी खराब होऊ लागते. लोक त्यालाच हट्ट समजून रागावतात. मळ मऊ होण्याचे औषध दिले आणि सांगितले, काही आठवडे सगळे बंद. तक्ता काढा. भांडे दिसेल असे ठेवा, पण त्याविषयी बोलू नका. पुढे बसवाल तेव्हा जेवणानंतर पाच मिनिटे, कारण पोटात अन्न गेले की आतड्याची हालचाल आपोआप वाढते. आणि पाय लोंबकळत न ठेवता पाटावर टेकवून बसवा. “आजोबा, तुम्हाला घाई आहे, तिला नाही,” एवढे म्हणून त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावले.

रिकाम्या संध्याकाळी मी या विषयावरचे वाचू लागलो. (फाईल हातावेगळी झाली की नियमावली वाचण्याची सवय आमच्या सेवेत नवी नाही.) अमेरिकेच्या सरकारी बालक विभागाने १९१४ पासून आयांसाठी बालसंगोपनाची एक पुस्तिका काढली. तिच्या काही जुन्या आवृत्त्यांत तान्ह्या बाळाला पहिल्या काही महिन्यांतच घड्याळाच्या काट्यावर बसवण्याचा सल्ला आहे. एका शासकीय विभागाने कोट्यवधी आतड्यांसाठी वेळापत्रक लागू करावे, हे वाचून मला हसू आले नाही. माझा तक्ता त्याच कुळातला होता. पुढे सरकारी सल्लाही सौम्य झाला. १९६२ मध्ये बोस्टनजवळचे डॉक्टर ब्रेझल्टन यांनी दहा वर्षांत पाहिलेल्या १,१७० मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मूल तयार असल्याच्या खुणा दिसेपर्यंत थांबायचे, नाकारले तर मागे घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्या मुलांना दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांत लागली. म्हणजे निम्म्या-अर्ध्या मुलांना त्याहून अधिक काळ लागला असणार, आणि आमची नात त्यांतलीच.

पण मग आपल्या आज्या मुलांना सहा महिन्यांपासून पायांवर बसवून तोंडाने ‘शू शू’ करीत, त्याचे काय? त्या चूक होत्या असे मी म्हणणार नाही. पूर्व आफ्रिकेतील डिगो समाजाविषयी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेथील आया असेच करतात आणि पाच-सहा महिन्यांची मुले बहुतांशी कोरडी राहतात असे नोंदवले आहे. मात्र तेथे मूल दिवसभर कुणाच्या तरी अंगावर असते, आणि चुकले तर कुणी ओरडत नाही. तेव्हा वयापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की मुलाजवळ कोण आहे आणि त्याला किती वेळ आहे.

मुलीकडे कामाला येणाऱ्या अक्का कलबुर्गीकडच्या. नवरा-मुलगे बांधकामावर, राहणे मजुरांच्या पत्र्याच्या वसाहतीत. माझा सारा खटाटोप त्या भांडी घासता घासता पाहत होत्या. मी चड्डी पिळत असताना एकदा त्या म्हणाल्या, “होगली बिडी, सर.” जाऊ द्या हो, सोडा. त्यांची दीड वर्षाची नात केव्हाच सांगायला लागली होती. तिच्यासाठी डायपर नव्हता, तक्ता नव्हता. सून पायांवर घेऊन बसते, एवढेच. त्यांच्याकडे स्वच्छतागृह अनेक कुटुंबांत मिळून एक, आणि पाणी भरून आणायचे. ती सोपी व्यवस्था आहे असे कुणी समजू नये. तिथे एका बाईचा सबंध दिवस खर्ची पडतो, त्याची नोंद कुठेच होत नाही, एवढाच फरक.

मी बोललेले ते वाक्य मला छळत होते, कारण ते माझे नव्हते. ते मी ऐकलेले होते. महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. स्पर्धेच्या ईर्ष्येने गावांनी स्वतःच्या हातांनी गाव झाडले, ते दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. पण त्यानंतरच्या वर्षांत हागणदारीमुक्तीच्या मुदती आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘गुड मॉर्निंग पथके’ आली. पहाटे शिट्टी वाजवायची, लोटा घेऊन निघालेल्या माणसाला गुलाबाचे फूल द्यायचे, कुठे कुठे छायाचित्र काढायचे. एका दौऱ्यात अशा पथकाबरोबर मी गेलो होतो. टॉर्चच्या प्रकाशात एक म्हातारी उठून उभी राहिली आणि तिने पदराने तोंड झाकले. पथकातले तरुण हसले. मी अहवालात ‘लोकसहभाग समाधानकारक’ असे लिहिले. तिच्या घरी शौचालय होते की नाही, असल्यास पाणी कोण भरत होते, हे मी विचारले नाही.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याचे आढळले. पाच वर्षांत दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली, ही लहान गोष्ट नाही आणि मी तिला लहान म्हणत नाही. परंतु भांडे आणणे आणि सवय लागणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला उपयोगिता प्रमाणपत्र देता येते.

अंगणवाडीचे एक उदाहरण सांगतो. संपूर्ण स्वच्छता अभियानात अंगणवाड्यांसाठी मुलांच्या मापाची शौचालये बांधण्याची तरतूद होती. लहान भांडी, चांगली कल्पना. एका गावी ते शौचालय मला कुलूपबंद आढळले. मी सेविकेला जरा अधिकारवाणीनेच कारण विचारले. तिने मदतनिसाकडे पाहिले. मदतनीस म्हणाली, “साहेब, हापसा शाळेच्या पलीकडं हाय. पंचवीस पोरं हायती. खिचडीचं पाणीबी मीच आणते.” ‘वापराबाबत जनजागृती आवश्यक’ अशी नोंद करून मी पुढच्या गावाला गेलो. सेविका काय, मदतनीस काय, सरकारच्या लेखी दोघीही मानसेवी, म्हणजे मानधनावर. त्यांनी किती घागरी आणाव्यात याचा कोणत्याही अंदाजपत्रकात विचार नव्हता.

माझी रजा संपली तेव्हा तक्ता काढलेला होता, नात पुन्हा डायपरमध्ये होती, आणि प्रगती शून्य. एक मात्र झाले. औषधाने दुखणे थांबले, आणि शेवटच्या दोन दिवसांत ती पडद्यामागे न जाता माझ्याजवळ येऊन उभी राहू लागली. मी काही बोलत नसे. नंतर धुऊन देत असे. छप्पन्नाव्या वर्षी हे काम मी प्रथमच केले आणि पाण्याचा हिशेब ठेवून ते कसे करायचे, हे अक्कांनी मला दाखवले. बालवाडीने अट शिथिल करण्यास नकार दिला. मुलीने जागा सोडली, दोन महिने आळीपाळीने घरून काम करण्याची परवानगी नवरा-बायकोने मिळवली. त्यातले काही दिवस बिनपगारी होते.

जुलैच्या मध्यावर एका दुपारी मुलीचा फोन आला. मी बैठकीत होतो, बाहेर येऊन घेतला. जेवण झाल्यावर नातीने भांडे स्वतःच ओढत गॅलरीत नेले, अक्कांना बोलावले आणि मांडीवर हात ठेवून समोर बसायला लावले. बराच वेळ दोघी कबुतरे पाहत बसल्या होत्या.

“आणि चांदणी?” मी विचारले.

“बाबा, त्या सगळ्या तिने केव्हाच संपवल्या,” मुलगी म्हणाली. “अक्कांच्या कपाळाला टिकल्या म्हणून लावल्या.”