मातोश्रींचें नाक

आमच्या मातोश्रींस गेल्या माघांत ९१ वें वर्ष लागलें. नाकाच्या उजव्या अंगास, चष्मा टेकतो तेथें, मसुरीएवढी एक पुळी त्यांना दोन वर्षें होती. खपली धरी, गळे, पुन्हां धरी. ‘चष्मा घासतो रे,’ असें त्या म्हणत. आम्हीहि तेंच खरें मानून हळद-तूप लावीत बसलों. चौतीस वर्षें मुलांच्या वह्यांतील चुकलेल्या वेलांट्या टिपणाऱ्या आमच्या दृष्टीस हें दिसूं नये, याची लाज वाटते.

तुकडा तपासल्यावर तो त्वचेचा कर्करोग ठरला. ‘बेसल सेल’ जातीचा. डॉक्टरीणबाईंनीं समजाविलें कीं, हा सावकाश वाढतो, दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो. पण कातडी, कूर्चा, पुढें हाडसुद्धां कुरतडतो. डब्लिनच्या आर्थर जेकबनें १८२७ सालीं याचें वर्णन केलें. पुढें इंग्रजींत त्यास ‘कुरतडणारा व्रण’ अशा अर्थाचें नांव पडलें, तें यथार्थ आहे.

घरांत दोन पक्ष पडले. धाकटे बंधू म्हणाले, ‘नव्वदीनंतर शस्त्र कशाला? सावकाश वाढतो, तर वाढूं दे.’ हा विचार अगदींच त्याज्य नव्हे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाचा व्रण नुसता स्वच्छ ठेवणें हीच कधीं कधीं दया असते. किरणोपचारांचाहि मार्ग होता, परंतु त्यास वारंवार खेपा. डॉक्टरीणबाई वयाविषयीं बोलतच ना. आजी चालतात किती, रक्त पातळ करण्याची गोळी घेतात काय, विसरतात काय, एवढेंच विचारीत.

आणि या सर्व खलांत आम्हीं मातोश्रींस रोगाचें नांवहि सांगितलें नव्हतें! एके रात्रीं त्याच म्हणाल्या, ‘बाळ, नाक माझें आहे ना? मग कुजबुज कसली?’ आम्ही निरुत्तर झालों. सर्व सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं डॉक्टरीणबाईंस दोनच प्रश्न केले: पुरती भूल देऊन निजविणार काय, आणि न कापल्यास डोळ्यापर्यंत जाईल काय. पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’, दुसऱ्याचें ‘जाऊं शकेल’, असें आलें. ‘मग कापा. पोथी वाचायला डोळा हवा.’

तेवढीच जागा बधिर करून गांठ कडेच्या थोड्या निरोगी कातडीसह काढली व गालाची त्वचा सरकवून खळगा झांकला. गालाच्या त्वचेनें नाक सांधण्याची रीत सुश्रुतसंहितेंत आहे. पुण्याकडे कपाळाच्या कातडीनें केलेल्या नाकाचा वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें छापला गेला. वर्गांत हें आम्ही मोठ्या ऐटीनें सांगत असूं. बाहेरच्या बांकावर त्यांतलें कांहीं आठवलें नाहीं.

डोळा दोन दिवस काळानिळा सुजला, तेव्हां बंधूंच्या नजरेस नजर देववेना. आतां टांके निघाले. चष्मा मात्र अजून पंधरा दिवस नाहीं. तोंवर अध्याय आम्ही वाचून दाखवितों, आणि आमचीं जोडाक्षरें चुकलीं कीं त्या थांबवितात.