चिमणीत पाणी मुरतं तेव्हा

न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला दिवाणखान्यातल्या विटांच्या फायरप्लेसचं भारी अप्रूप असतं. भीती वाटते ती विस्तवाची: ठिणगी गालिच्यावर उडेल, पोराचा हात भाजेल. नियमांचा इतिहासही विस्तवाभोवतीच फिरतो. बोस्टनमध्ये १६३१ साली आग लागली आणि लाकडी चिमण्या बांधायला बंदी झाली. आजची अमेरिकी बांधकाम-संहिता फायरप्लेसच्या तोंडापुढे किमान १६ इंच, आणि तोंड मोठं असेल तर २० इंच, न जळणारी फरशी मागते. हे सगळं रास्तच आहे. पण जुन्या बांधकामांची दुरुस्ती हा ज्याचा व्यवसाय, त्याची नजर आधी छपराच्या वर जाते. विटांची फायरप्लेस तिथे बिघडायला लागते, आणि बिघडवतं ते पाणी. देखभालीचा पहिला डॉलर तिकडेच खर्च व्हावा, असं माझं मत आहे.

घराच्या सगळ्या बांधकामात चिमणीइतका उघड्यावर पडलेला भाग दुसरा नाही. पाऊस, बर्फ, वारा तिला चारही बाजूंनी झोडपतात. माथ्यावर पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला जो थर असतो, तो पुष्कळदा उरलासुरला मसाला थापून उरकलेला असतो. त्याला तडा गेला की पाणी विटांत शिरतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि ईशान्य अमेरिकेच्या हिवाळ्यात दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं हा खेळ अनेकदा होतो. विटांचे पापुद्रे सुटतात, दर्जा (विटांमधले मसाल्याने भरलेले सांधे) पोकळ होतात. आतल्या बाजूला भाजक्या मातीच्या नळ्यांचं अस्तर असतं (एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक घरांत तेही नसतं). वरून झिरपणारं पाणी काजळीत मिसळून आम्लधर्मी होतं आणि नळ्यांमधले सांधे खातं. सांधा उघडला की धूर आणि उष्णता नळीबाहेर पडून विटांमागच्या लाकडी चौकटीकडे सरकते. चिमणी आणि लाकूड यांच्यात साधारण दोन इंच मोकळी जागा हवी असा संकेत आहे, पण जुन्या घरांत वासा सरळ चिमणीला टेकलेला सापडतो. वर्षानुवर्षं तापत आलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. त्याच फटीतून कार्बन मोनॉक्साइडही घरात येतो. त्याला वास नसतो, म्हणून त्याची सूचना देणारं यंत्र प्रत्येक मजल्यावर हवंच.

यावर चिमणी साफ करणारे म्हणतील की खरा धोका क्रिओसोटचा, म्हणजे धुरातून नळीच्या आत जमणाऱ्या डांबरासारख्या थराचा. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त क्रिओसोटच्या मुळाशीही बऱ्याच अंशी पाणीच आहे. ताज्या तोडीच्या लाकडात पाणी भरपूर असतं. ते जळतं तेव्हा बरीचशी उष्णता वाफ करण्यात जाते, धूर थंड पडतो आणि नळीच्या भिंतीवर थिजतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत लाकूड वाळू द्यावं, त्याला बहुधा सहा महिने ते वर्ष लागतं. ब्रशने सुटी काजळी निघते, काचेसारखा चकाकणारा कडक थर मात्र निघत नाही. तो पेटला तर नळीतलं तापमान हजार अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकतं. धड अस्तर अशी आग बऱ्याचदा आतल्या आत झेलतं. आधीच तडकलेल्या अस्तराकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

दुरुस्तीत सर्वांत महाग पडणारी चूक घट्ट सिमेंटची. घरमालकाला वाटतं, दर्जा जितक्या कडक तितकी चिमणी भक्कम. चुन्याच्या मसाल्यात बांधलेल्या जुन्या मऊ विटांना हे लागू होत नाही. वाड्यांचं काम केलेल्या आपल्याकडच्या गवंड्याला हे पटवून द्यावं लागणार नाही: चुना ओल बाहेर सोडतो, भिंतीची हालचाल सोसतो, आणि झिजायचंच तर विटेआधी स्वतः झिजतो. दर्जा पुन्हा भरता येतात. पापुद्रे सुटलेली वीट पूर्ववत होत नाही. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची जुन्या इमारतींसाठीची मार्गदर्शिकाही नवा मसाला विटेपेक्षा मऊ असावा असंच सांगते. वरून जलरोधक रंग फासणं हीसुद्धा तीच चूक. आत गेलेलं पाणी कोंडलं जातं. लेप द्यायचाच असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारा द्यावा, तोही दर्जा भरून झाल्यावर. चुलीच्या आतलं काम निराळं: तिथे अग्निरोधक विटा आणि उष्णता सोसणारा खास मसालाच हवा, चुनाही नको आणि साधं सिमेंटही नको.

‘आम्ही वर्षातून दोनदाच पेटवतो, मग तपासणी कशाला?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. विस्तवापुरता तो बरोबर आहे. पाऊस मात्र फायरप्लेस वापरात आहे की नाही हे पाहून पडत नाही. अमेरिकेतलं अग्निसुरक्षेचं मानक, एनएफपीए २११, वर्षातून एक तपासणी सांगतं ते वापर कितीही असो. आणि घर विकलं जाताना नळीत कॅमेरा सोडून पाहणी करायला सांगतं. घरखरेदीच्या वेळचा नेहमीचा निरीक्षक सहसा टॉर्च मारून वर बघतो, तेवढ्यावर भागवू नये. गॅसची शेगडी बसवली म्हणजे सुटलो, असंही नाही. गॅस जळताना भरपूर वाफ निर्माण होते आणि ती जुन्या, रुंद, थंड नळीत पाणी होऊन उतरते; म्हणून त्या शेगडीच्या मापाचं नवं अस्तर घालावं लागतं. ज्यांना फायरप्लेस कधीच पेटवायची नाही त्यांनी चिमणीच्या तोंडावर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी बसवावी आणि खालीही थोडा वारा राहू द्यावा. दोन्ही टोकं गच्च बुजवली की आतली ओल वरच्या मजल्यावरच्या भिंतीचे पोपडे काढते, आणि मग लोक छप्पर गळतं म्हणून छपरावर पैसे घालवतात.