खर्जातला गंधार

भिलाई-३ च्या स्थानकापासून चरोद्याच्या यार्डापर्यंत पसरलेल्या रुळांच्या शेजारी ज्यांची घरे आहेत, त्यांच्या वाट्याला निःशब्द रात्र सहसा येत नाही. मुंबई-हावडा मार्गावरची रहदारी मध्यरात्रीही थांबत नाही, शंटिंगच्या वेळी एक डबा दुसऱ्यावर आदळल्याचा नाद रांगेतून पुढे पुढे सरकत दूर कुठे तरी विरून जातो, आणि या अखंड कोलाहलात वाढलेल्या माझ्या कानांना सूक्ष्म स्वराची जी ओढ लागली, ती आत्याच्या तंबोऱ्यामुळे लागली.

मिरजेच्या सतारमेकरांच्या हातचा तो तंबोरा आत्याबरोबर नागपूरहून आमच्या घरी आला. रियाजापूर्वी ती तारा जुळवीत बसे, तेव्हा घोडी आणि तार यांच्यामधला सुताचा बारीक धागा नखाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवी. आणि तो एका विवक्षित जागी आला, की मघापर्यंत कोरडी टणटणणारी तार एकाएकी उमलून बोलू लागे. शेवटची, खर्जाची पितळी तार अशी नीट लागली, म्हणजे तिच्यातून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा हा अंश. षड्ज १४० हर्ट्झचा धरला तर खर्ज ७० चा, आणि त्याच्या पोटातला गंधार ३५० चा. गणित एवढेच आहे, परंतु संध्याकाळी, दिवा लावण्यापूर्वीच्या अंधुक उजेडात तो स्वर भोपळ्यातून वर येताना ज्याने ऐकला, त्याला ते गणित पुरेसे वाटत नाही.

आत्या गेल्यावर तिच्या तंबोऱ्याचे एक ध्वनिमुद्रण माझ्यापाशी उरले, आणि ते चांगले ऐकता यावे या एकाच हेतूने मी हेडफोनांच्या नादी लागलो. पुढे हा छंद वाढला. ओहम आणि डेसिबल यांची परिभाषा अवगत झाली, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पायपीट करून, दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटे हेडफोन कानाला लावून निकाल देणे म्हणजे त्या वस्तूवर आणि स्वतःच्या कानावर सारखाच अन्याय करणे होय, हेही उमगले. अखेरीस दोन हेडफोन घरी आणले. एक सेनहायझरचा एचडी ६००, ओपन-बॅक, म्हणजे ज्याच्या वाट्यांना मागून जाळी आहे असा. या जातीचा पहिला हेडफोन, एचडी ४१४, याच कंपनीने १९६८ मध्ये काढला होता. दुसरा सोनीचा एमडीआर-७५०६, बंद वाट्यांचा, १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत राबणारा.

मुकाबला करण्यापूर्वी एक बंदोबस्त अत्यावश्यक असतो, आणि पुष्कळ हौशी मंडळी तोच करीत नाहीत. दोहोंपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो, तोच कानाला अधिक स्वच्छ भासतो. एखाद्या डेसिबलचा फरकही मनाला फितवावयास पुरतो. सोनीचा रोध ६३ ओहम, सेनहायझरचा ३००. तेव्हा अॅम्प्लिफायरचे बटन एकाच जागी ठेवले, तर पहिला गर्जतो आणि दुसरा पुटपुटतो. मी पुठ्ठ्याची एक चकती कापली, तिच्या मधोमध भोक पाडून ध्वनिमापकाचे टोक त्यात बसवले, ती चकती हेडफोनच्या गादीवर दाबून धरली आणि १,००० हर्ट्झचा एकच सूर वाजवून दोघांचे आवाज समतोल करून घेतले. मगच तंबोरा लावला.

सोनीच्या बंद वाट्यांत शिरल्यावर यार्ड दूर गेले, हे खरे. खर्ज भरदार, तारेवरचा बोटाचा स्पर्श रेखीव. पण वरच्या पट्टीतली धार एवढी, की मिरजेतच वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या तर सुईची खरखर गळ्याच्या पुढे येऊन उभी राहते. आणि गंधार? तो होता, परंतु पेटीत ठेवल्यासारखा होता. एचडी ६०० लावला आणि भिंती नाहीशा झाल्या. मालगाडीची धडधड बिनदिक्कत आत आली. पण ती निघून गेल्यावर खर्जातून गंधार ज्या सावकाशीने वर आला, ती सावकाशी आत्याच्या खोलीतली होती. कुमार गंधर्वांचे गाणे लावले तेव्हा दोन स्वरावलींमधला श्वासही कळला. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालेल्या गायकाच्या गाण्यात त्या श्वासाचे मोल काय, हे ऐकणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. माझ्यापुरता निकाल लागला.

मग बाबांना ऐकवले. त्यांची सारी नोकरी यार्डात गेली. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून अधिक राहू नये आणि दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी करावी, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. ती त्यांच्या उमेदीच्या काळात आमच्याकडे कोणाच्या कानावर आली नव्हती. त्यांच्या श्रवणतपासणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी रेषा खोल खाली जाते. 'स' आणि 'श' हे वर्ण त्यांना ओठ पाहून ओळखावे लागतात.

एचडी ६०० कानाला लावून ते बराच वेळ शांत बसले आणि म्हणाले, "तंबोरा शेजारच्या घरात वाजतोय." मी सोनी पुढे केला. ध्वनिमुद्रण पुन्हा आरंभापासून लावले. आरंभी तार छेडण्याआधीचे चारपाच क्षण आहेत, ज्यांच्याकडे मी इतक्या वर्षांत कधी लक्ष दिले नव्हते. बाबांनी हात वर केला.

"ताईनं धागा सरकवला."

मी एचडी ६०० लावून तोच भाग ऐकला. नखाचा अगदी बारीक घासल्याचा आवाज तिथे आहे. ज्या धारेला मी दोष दिला होता, तिनेच तो बाबांपर्यंत पोचवला होता.

एमडीआर-७५०६ तेव्हापासून त्यांच्या उशाशी असतो. दुपारी जेवणानंतर ते तासभर ऐकतात. आवाज कुठवर वाढवायचा त्याची खूण मी अॅम्प्लिफायरच्या बटनाशेजारी पांढऱ्या रंगाने केली आहे, आणि बाबा ती ओलांडत नाहीत.