मुलांच्या अंगावरचं प्रत्येक पुरळ उष्णतेचं नसतं

आमचं गाव ओरत्तनाडु, तंजावरजवळ. शरभोजी राजांनी १८०२ मध्ये इथे मुक्तांबाळच्या नावानं छत्र बांधलं. राजांच्या छत्रांत वाटसरूंना जेवण मिळायचं आणि आजाऱ्यांसाठी वैद्यही असायचे. आजही आमच्या घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ चालते. पण मुलांच्या अंगावर पुरळ उठलं की दोन्ही भाषांत उत्तर एकच: मराठीत ‘उष्णता’, तमिळमध्ये ‘सूडु’!

माझ्या सहा वर्षांच्या भाचीच्या दोन्ही कानांच्या पाळ्या लाल झाल्या, खाजून पाणी येऊ लागलं. नंतर बेंबीखाली रुपयाएवढा चट्टा उठला. आजीनं ताक सुरू केलं, शेजारणीनं दृष्ट काढली. शाळेत मुलं तिच्या शेजारी बसेनात. ती मला विचारायची, “मावशी, मी घाण आहे का गं?”

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी दोनच प्रश्न विचारले. कानात काय घालता? आणि जीन्सचं बटण धातूचं आहे का? निदान झालं, निकेलची अ‍ॅलर्जी. खोट्या दागिन्यांत, बटणांत, पट्ट्याच्या बकलात हा धातू असतो. कान टोचल्यावर तो थेट त्वचेत शिरतो आणि शरीर त्याला शत्रू मानू लागतं. पुढे स्पर्श झाला की पुरळ लगेच नाही, एक-दोन दिवसांनी उठतं. म्हणून कारण ध्यानात येत नाही.

याला कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. बिब्ब्याचं तेल, काळी मेंदी, सुगंधी साबण, रबरी चप्पल यांनीही ते होतं.

तुमच्या मुलाला असं झालं, तर एवढं करा:

• पुरळ नेमकं कुठे आहे ते पाहा. तिथे काय टेकतं, तेच बहुधा कारण असतं.
• ती वस्तू आधी काढा.
• मेडिकलमधून स्वतःच्या मनानं मलम आणू नका. अनेक मलमांत स्टेरॉइड असतं, लहान मुलांची त्वचा त्यानं पातळ होते.
• कारण सापडत नसेल तर डॉक्टरांना पॅच टेस्टबद्दल विचारा.

आणि हो, हे पुरळ संसर्गजन्य नाही. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एवढं शाळेतल्या बाईंना आणि आपल्या मुलांनाही नक्की सांगा. खाज औषधानं जाते, पण बाकावर एकटं बसल्याचं दुःख मुलं लवकर विसरत नाहीत.