खामगावचा कापूस आणि राजाबाईंच्या घंटा

जलंबहून सुटलेली शाखा-रेल्वे अवघ्या १३ किलोमीटरवर, खामगावात येऊन थांबते. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते हा मार्ग सुरू झाला, तो मुख्यत्वे कापसाच्या गाठींसाठी. तत्पूर्वी वऱ्हाडचा हा शुभ्र माल बैलगाड्यांतून वाट तुडवीत जाई. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला.

त्या पुरात सर्वांत उंच चढलेले नाव सुरतचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे. भर तेजीत, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. अट एकच, मनोऱ्याला मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेठजींची संपत्ती वाहून गेली. दान मात्र दिलेले होते, ते राहिले.

भारतात कधीही न आलेल्या गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने त्याचा आराखडा केला. १८६९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पूर्ण झाला. युरोपातल्या चर्चमध्ये ऑर्गन आणि घंटा यांचे जे संगीत घुमते, त्यातले घंटांचे संगीत येथे एका जैन मातेच्या नावाने घुमू लागले. यंत्र १६ धुना वाजवी. त्यांत इंग्लंडचे राष्ट्रगीत होते, हँडेलची रचनाही होती. घराण्यात परंपरेने सांगितले जाते की, राजाबाईंना दृष्टी नव्हती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम त्यांना पाळायचा होता. वेळ कळावी म्हणून ही व्यवस्था. कथा खरी असो वा नसो, चौविहार पाळणाऱ्या घरांना ती चटकन पटते.

त्या धुना आता इतिहासजमा झाल्या. दर पाव तासाला एकच सूर उमटतो. मनोऱ्याचा जीर्णोद्धार २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि २०१८ मध्ये परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. खामगावच्या बाजारात हंगामात कापसाच्या गाड्या आजही रांगेने उभ्या राहतात. मुंबईला गेलेल्या खामगावकर व्यापाऱ्याने सायंकाळी ओव्हल मैदानाच्या कडेला थांबावे. सूर्यास्ताच्या जरा आधी घंटा ऐकू येते.