ब्रोमिन मुरायला हवं

देवणीहून देगलूरच्या पुढे जाताना काळी माती मागे पडते, ग्रॅनाइटचे धोंडे दिसू लागतात आणि गायगर नळीची टिकटिक वाढते. बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त. मूळचा देवणीचा, पण मुंबईत नळ्या भरण्यात हयात घालवलेला हा कारागीर एवढं सांगतो आणि लगेच ब्रोमिनवर घसरतो.

नळीतल्या निऑनमध्ये ब्रोमिन टाकायचं ते हजारात एखादा भाग. तेवढ्यानं प्रत्येक टिकनंतरची ठिणगी विझते. शिवाय ठिणगी विझवायला आधी वापरायचे त्या अल्कोहोलसारखं ते संपत नाही, फुटलेले रेणू पुन्हा जुळतात. लिबसन आणि फ्रीडमन यांनी 1948 मध्ये हॅलोजनच्या नळ्यांवर लिहिलं तेव्हा त्या अमरच वाटल्या असतील. पण ब्रोमिन धातू खातं. म्हणून कॅथोड आधी निर्वातात तापवायचा, मग ब्रोमिन भरून मुरू द्यायचं, उपसायचं, पुन्हा भरायचं. पुरेसं मुरलं का? कुठलाच मीटर सांगत नाही. काही महिन्यांनी प्लॅटो, म्हणजे व्होल्टेज चढवलं तरी आकडे जवळजवळ तेच राहतात तो सपाट पट्टा, तिरका झाला की कळतं, आणि तोवर नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद झालेलं असतं.

नळीऐवजी सोडियम आयोडाइडच्या स्फटिकानं गॅमा किरण मोजणाऱ्यांवर त्याचा राग जुना. शंभर गॅमांतला एखादाच पकडता, अशी त्यांची टिंगल. ते खोटं नाही. वायूला गॅमा जवळजवळ दिसतच नाही. त्याला अडवतो कॅथोडचा धातू, आणि तिथून उडालेला इलेक्ट्रॉन वायूत पोचला तर टिक. नळी ऊर्जाही सांगत नाही. ‘पण तुमचा स्फटिक दमट हवेत उघडा ठेवून दाखवा,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण-देखरेख जाळ्यात सौर पॅनलवर चालणाऱ्या गायगर नळ्या आहेत, हे तो घरचं कार्य असल्यासारखं सांगतो. हल्लीची पोरं जुनी रशियन एसबीएम-20 मागवून मोबाईलला जोडतात, याला तो काम म्हणत नाही.

आता हात थरथरतो. टंगस्टनची बारीक तार ताणून जोडायचं काम शिष्येकडे गेलंय. तिच्या पहिल्या नळीशेजारी यानं न विचारता आपली जुनी नळी लावली, समोर सिझियम-137. व्होल्टेज चढवत दोन्ही नळ्यांचे आकडे घेतले. तिचा प्लॅटो सपाट निघाला. आपला सरस ठरावा अशीच इच्छा होती, हे तो लपवत नाही. आधी त्यानं पॉवर सप्लायला दोष दिला, तो बदलला. आकडे तेच.

‘किती मुरवलंस गं?’

‘तुम्ही सांगितलं त्याच्या दुप्पट, काका.’